चाळीसच्या वर नाही

“आधी पायी चाल. चाकाला जे कळायचं, ते पायाला आधी कळू दे.”

तिला शर्यतीची गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचा तो कायम सर्दी झाल्यासारखा घोगरा आवाज मात्र शर्यतीच्या सकाळी बरोबर हजर व्हायचा. आत्ताही रेनकोटच्या टोपीवर तडतडणाऱ्या पावसातून तो तिला ऐकू येत होता, आणि ती तिसऱ्या वळणाच्या आतल्या कडेला उभी राहून बुटाची टाच डांबरावर घासून पाहत होती.

एरवी जिथून सगळ्या गाड्या जातात तो पट्टा काळा, तुळतुळीत झाला होता. टायरांचं रबर बसून बसून त्याला ओल्या पाटीसारखी चकाकी आली होती. तिथे टाच साबणावर पडावी तशी सटकली. दोन हात बाहेर, जिथे कुणी फिरकत नाही, तिथली खडी अजून खरखरीत होती. टाच घट्ट धरून राहिली.

“म्हणजे आज बाहेरून,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि पुढे निघाली.

सव्वातीन किलोमीटरचा ट्रॅक, अकरा वळणं. बावीस वर्षांत न चालता तिने एकही शर्यत केली नव्हती. कडक ऊन असो, अंगात कणकण असो, नेम म्हणजे नेम. बाकीचे लोक गॅरेजमध्ये चहा पीत तिच्याकडे बोट दाखवायचे. “टपालताई निघाल्या वाटपाला!” कुणीतरी हमखास ओरडायचं. तीही हसून हात करायची. तिचं कामच होतं ते. अठ्ठावीस वर्षं ती मोटरसायकलवरून टपाल वाटत होती. मागे दोन्ही बाजूंना थैल्या, पुढे टाकीवर पार्सलांची पिशवी. कुठल्या फाटकाआडचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच धावून येतो, कोणत्या आजोबांना वाचता येत असूनही “जरा वाचून दाखव गं” म्हणायची सवय आहे, हे तिला पत्त्यांइतकंच पाठ होतं. पाऊस म्हणून एक दिवस थैली घरी राहिली नव्हती.

पाचव्या वळणावर मात्र ती थांबली.

वरच्या चढणीवरून पाणी उतरलं होतं आणि सरळ ट्रॅक ओलांडून पलीकडच्या गवतात चाललं होतं. गढूळ, वेगाचं, दहा-बारा पावलं रुंद. तिने आत पाय घातला. बुटाची नाडी बुडाली. गवताची काडी तोडून तिने पाण्यात टाकली आणि ती किती पटकन पलीकडे गेली ते बघितलं. मग मधोमध उभी राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाच घासली. बाहेरच्या कडेला, पांढऱ्या रेघेपासून हातभर आत, पाणी उथळ होतं आणि खाली खडी होती. एका चाकापुरती वाट. बस्स.

ती उरलेली सहा वळणंही चालली. घाईने नाही, नेहमीसारखीच.

पिटमध्ये दादा टायर बदलत बसला होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा. बहिणीची गाडी मात्र तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तिला बघून त्याने थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.

“तासभर काय करत होतीस? पत्रं टाकत होतीस का प्रत्येक वळणावर?”

“पाचव्यावर ओढा झालाय, दादा.”

“केवढा?”

“चार-पाच बोटं. एकशेवीसने कुणी घुसलं तर टायर जमिनीला लागायचंच नाही. होडीसारखी जाईल गाडी. थेट भिंतीत.”

दादाने पाना खाली ठेवला. “मग आवरू का सामान?”

ती उत्तर देणार तेवढ्यात भोंग्यातून साहेबांचा आवाज आला. पुरुषांच्या शर्यतीतल्या स्वारांनी हात वर करून मत दिलं होतं. ट्रॅक धोक्याचा आहे, त्यामुळे त्यांची शर्यत पुढच्या रविवारी. पलीकडच्या गॅरेजमधून शिट्ट्या वाजल्या. मग भोंगा खरखरला आणि पुढे म्हणाला, “महिलांची शर्यत ठरल्याप्रमाणे दोन वाजता होईल. ज्यांना उतरायचं नसेल त्यांनी नोंदणीच्या टेबलावर माघारीचा अर्ज भरावा.”

दादा उठूनच उभा राहिला. “म्हणजे? त्यांच्यावर पाऊस पडतो आणि तुमच्यावर काय गुलाबपाणी शिंपडणारेत?”

“ओरडू नकोस. चल, विचारू या.”

साहेब ट्रॅकचे व्यवस्थापक होते. माणूस वाईट नव्हता. तिने आत पाऊल टाकताच त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही, कपड्यांतून पाणी गळत होतं.

“ताई, माझा नाइलाज आहे,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी ट्रॅक अर्धाच दिवस मोकळा आहे. एक शर्यत मावते. आणि तुमचं तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी शर्यतीला लागतात तेवढ्या चार गाड्याही तुमच्या झाल्या नाहीत, त्याआधीच्या वर्षी झाल्या नाहीत. सलग तिसऱ्या वर्षी शर्यत झाली नाही तर ती वेळापत्रकातून निघते. हा नियम मी केलेला नाही.”

“त्यांची पुढे ढकलताना विचारलंत का, एकच मावते तर कुणाची घ्यायची?”

“त्यांच्या चोवीस गाड्या आहेत ताई. तुमच्या चार.” साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलून परत ठेवली. “मी सक्ती करत नाहीये. उतरायचं की नाही ते पूर्ण तुमच्या मर्जीवर.”

“हो, मर्जी आमची,” ती म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे. दारावरची बेल बिघडली तर ती हाका न मारता कडी वाजवत उभी राहायची. “उतरलो आणि कुणाचे पाय मोडले तर आमच्या मर्जीने मोडले. नाही उतरलो तर शर्यत आमच्या मर्जीने गेली. कागदावर तुमचं नाव कुठेच नाही.”

साहेब खिडकीकडे पाहू लागले. खिडकीच्या काचेवरून पाणी नुसतं ओघळत होतं.

“नियमांचं पुस्तक द्याल का?” तिने विचारलं.

पुस्तक नोंदणीच्या टेबलावर होतं. तिथल्या कारकून बाईंनी खणातून काढून दिलं. पत्ता पूर्ण वाचल्याशिवाय पाकीट हातातून सोडायचं नाही, या सवयीने ती उभ्या उभ्या ओळ न ओळ वाचत गेली. दादा दारात चुळबुळत होता. पावसातली शर्यत सहाऐवजी तीन फेऱ्यांची. निदान चार गाड्या आरंभरेषेवरून सुटल्या पाहिजेत. पहिल्या गाडीने तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या की शर्यत झाली असं समजावं. तिने पान उलटलं, परत मागे आली.

“बाई, कमीत कमी वेग किती हवा, ते कुठे लिहिलंय?”

कारकून बाईंनी चष्मा लावला. त्यांनीही दोन पानं चाळली, अनुक्रमणिका पाहिली आणि खुदकन हसल्या. “नाही हो लिहिलेलं. असं कुणी विचारतं का, ताई? शर्यतीत हळू जायला कोण येणारे?”

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली. “लिहिणाऱ्यांना वाटलंच नसेल.”

एक वाजता चौघी तिच्या पिटमध्ये जमल्या. दातांची डॉक्टर हातमोजे पिळत होती. बेकरीवाली नेहमीप्रमाणे कोपऱ्यात स्टुलावर. ती दोन वर्षं नाव नोंदवत होती आणि दोन्ही वर्षं शर्यतच न झाल्याने एकदाही आरंभरेषेवर उभी राहिली नव्हती. शाळेतल्या पीटीच्या बाई मात्र येरझाऱ्या घालत होत्या. चौघींत सगळ्यात तापट, आणि कोरड्या ट्रॅकवर सगळ्यात वेगवान.

“मी माघारीचा अर्ज भरणार नाही, सांगून ठेवते,” पीटीच्या बाई म्हणाल्या. “पलीकडून शिट्ट्या ऐकल्यात ना? आपण अर्ज भरला की म्हणतील, बघा, पाऊस आला की बायका पळाल्या.”

“पळाले ते स्वतः,” डॉक्टर म्हणाली.

“ते पळाले तर त्याला शहाणपण म्हणतात. आपण पळालो की घाबरट.”

“अगं पण मला उद्या नऊला एकाची दाढ काढायचीये. बोटं शाबूत हवीत मला.”

“आणि मला एकदा उभं राहायचंय,” बेकरीवाली कोपऱ्यातून हळूच म्हणाली. “नुसतं उभं. मग शेवटी आले तरी चालेल.”

तेव्हा टपालताईने जमिनीवर खडूने ट्रॅक काढला. पाचव्या वळणाशी आडवी रेघ मारली आणि ओढा किती रुंद, किती खोल, उथळ वाट कुठे, ते सांगितलं. मग पुस्तकात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही, तेही सांगितलं.

“तीन फेऱ्या. एकीमागे एक. मी पुढे, तुम्ही माझ्या चाकाच्या खुणेवरून. वळताना गाडी झोपवायची नाही, उभीच ठेवायची. एवढ्या हळू टायर गरम होत नाहीत, झोपवली की गेली. पाण्यात ब्रेकला हात नाही. आणि चाळीसच्या वर नाही.”



“चाळीस?” पीटीच्या बाई किंचाळल्याच. “चाळीसने माझी सासू स्कूटर चालवते!”

“आणि कधी पडल्यात का त्या?” डॉक्टरने विचारलं. बेकरीवाली तोंडावर हात धरून हसायला लागली.

“हसा! लोक काय म्हणतील? शाळेची सहल निघालीये, एका रांगेत!”

“म्हणू देत,” टपालताई म्हणाली. “त्यांना आपण भिंतीत गेलेल्या बघायच्यात किंवा घरी गेलेल्या. तिसरं काही त्यांनी धरलेलंच नाही. ते आपण करायचं. उद्या साहेबांना नोंदवहीत लिहावं लागेल, महिलांची शर्यत झाली. किती वेगाने, हा रकाना त्या वहीत नाही.”

“पण चाळीस कळणार कसं?” डॉक्टर म्हणाली. “शर्यतीच्या गाडीला मीटर कुठाय? मी स्वतः काढून टाकलाय माझा.”

“मला कळतं. दुसऱ्या गिअरला इंजिन कसं वाजलं की चाळीस, ते मला झोपेतही कळेल. अठ्ठावीस वर्षं मी त्याच आवाजावर आहे.”

पीटीच्या बाई येरझाऱ्या थांबवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. “बरं. समजा मानलं. मग पुढे कोण? तू. रेघ आधी कोण ओलांडणार? तू. म्हणजे आम्ही तिघी तुझ्या मागे गुमान यायचं आणि कप तू घरी न्यायचा. वा गं वा, टपालताई!”

दादा रागाने काही बोलणार होता. तिने हातानेच त्याला थांबवलं. बोलणं टोचलं होतं, पण खोटं नव्हतं. पन्नाशी पूर्ण झाली की ट्रॅकचा परवाना संपतो, आणि तिला पुढच्या महिन्यात पन्नास पूर्ण होत होती. बावीस वर्षांत ती चार वेळा दुसरी आली होती. पहिली एकदाही नाही. आणि पावसात तिच्या जवळपास फिरकणारं त्या ट्रॅकवर कुणी नव्हतं, बायकांत नाही आणि पुरुषांत नाही. हे चौघींनाही ठाऊक होतं. सकाळी आभाळ फाटलेलं पाहिलं तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं, ते तिने दादालाही सांगितलं नव्हतं.

ती खडूची भुकटी बोटांवरून पुसत राहिली. मग म्हणाली, “शेवटच्या फेरीला, अकरावं वळण संपलं की पुढे सरळ पट्टा आहे. तिथे पाणी साचत नाही, मी बघितलंय. तिथे मी बाजूला होईन. तुम्ही तिघी पुढे जा, आणि तिथून जिला जेवढं पळायचं तेवढं पळा. मी शेवटी येईन.”

दादाच्या हातातला पाना खणकन खाली पडला.

“शब्द?” पीटीच्या बाईंचा आवाज एकदम उतरला होता.

“शब्द.”

“आणि मध्येच माझंच डोकं फिरलं आणि मी तुला मागे टाकून सुटले तर?”

“तर मी मागे लागणार नाही. ओढ्यापाशी थांबेन. तुला उचलायला कुणीतरी लागेल.”

पीटीच्या बाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. शाळेत एखादी मुलगी खोटं बोलते की खरं, ते ओळखायची त्यांची सवय होती. मग हेल्मेट उचलून त्या म्हणाल्या, “काचेला आतून साबण चोळून घ्या गं सगळ्या. वाफ धरली तर हिचं चाक दिसायचं नाही.”

बाकीच्या गेल्यावर दादा गाडीजवळ उकिडवा बसला. साखळी ताणून पाहायची काही गरज नव्हती, तरी पाहत होता.

“एवढं सांगायची काय गरज होती? आज तू डोळे झाकून जिंकली असतीस.”

“जिंकले असते.”

“मग?”

“मी पुढे पळाले असते तर त्या मागे लागल्या असत्या, दादा. मागे लागलेली बाई पाणी बघत नाही, पुढचीचा दिवा बघते. आणि पुढच्या वर्षी मी नाही, पण त्या आहेत.”

“आणि तुझी बावीस वर्षं?”

“ती काय भिजून जातायत का?” ती म्हणाली आणि हातमोजे चढवायला लागली. उजव्या हाताचा चढेना. दादाने उठून, लहानपणी स्वेटरची बाही ओढून द्यायचा तसा तो ओढून दिला.

दोन वाजता चार गाड्या आरंभरेषेवर उभ्या राहिल्या. बेकरीवालीने रेषेवर चाक टेकवल्यावर खाली वाकून रेषा नीट पाहून घेतली. साहेब स्वतः छत्री धरून कठड्याशी आले होते. पुरुष स्वार गॅरेजच्या छपराखाली दाटीवाटीने उभे होते. झेंडा पडला. चार इंजिनं गरजली आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला. दुसरा गिअर. तिने कान लावला, तो ओळखीचा आवाज सापडला आणि तिने मूठ तिथेच धरली.

छपराखाली आधी कुणाला कळलंच नाही. मग हशा उसळला. “ए, गाडी बंद पडली काय?” “टपाल आलं हो, टपाल!” कुणीतरी सायकलची घंटी वाजवल्यासारखा आवाज काढला. चौघी एकीमागे एक, काळा पट्टा सोडून, खरखरीत कडेने वळणं घेत गेल्या. पाचव्यावर ती पांढऱ्या रेघेपासून हातभर आत आली, गाडी सरळ केली, बोटं ब्रेकवरून उचलली. पाणी दोन्ही बाजूंना उडालं. पलीकडे गेल्यावर तिने मान किंचित वळवून मोजलं. एक, दोन, तीन.

दुसऱ्या फेरीला हशा थोडा कमी झाला होता. पाऊस मात्र वाढला. ओढ्यात आता उडणाऱ्या पाण्याने चाकाचा आसही भिजत होता. पीटीच्या बाईंची गाडी एकदा तिच्या अगदी शेजारी आली, इंजिन चढलं, आणि मग गाडी परत मागे गेली. तिने मान वळवली नाही.

तिसऱ्या फेरीला छपराखालून कुणी ओरडलं नाही. दोन-तीन जण पावसात येऊन कठड्याशी उभे राहिले होते. साहेबांची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती आणि ती सरळ करायचं त्यांना भान नव्हतं. ओढा पार झाला. एक, दोन, तीन. सहावं, सातवं, मग लांबलचक नववं. अंगात शिरलेलं पाणी पाठीवरून कमरेपर्यंत उतरलं होतं. दहावं. अकरावं.

वळण उलगडलं आणि समोर सरळ पट्टा आला. साडेतीनशे मीटर, मोकळा. शेवटी ती रेषा, आणि रेषेवर झेंडा धरलेला माणूस. तिच्या आणि त्याच्यामध्ये पावसाशिवाय काही नव्हतं. बावीस वर्षांत तिने हा पट्टा असा रिकामा कधी पाहिला नव्हता. नेहमी कुणाची तरी पाठ असायची. गाडी ओढ घेत होती. टायर धरत होतं, तिला बुडाखाली नीट कळत होतं. उजवं मनगट एवढंसं वळलं असतं तर पुरे होतं.

कठड्याशी उभा असलेला दादा काहीतरी ओरडला. काय ते तिला ऐकू आलं नाही.

तिने मूठ सैल केली. इंजिनाचा आवाज चाळीसच्याही खाली उतरला. मग डावा हात हँडलवरून काढून, रस्त्यात मागच्याला वाट देताना करतात तसा तिने बाहेर धरला, तळवा पुढे करत दोनदा हलवला, आणि गाडी हळूच कडेला घेतली.